आई रोजावर, मूल कुठे?

कापसाच्या वेचणीला मजुरी किलोवर मिळते. दिवसभर राबलेल्या बाईचा हिशेब संध्याकाळी काट्यावर होतो. समर्थ रामदासांचे जन्मगाव म्हणून साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक असलेले जांब समर्थ जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यात आहे. दिवाळीच्या पुढेमागे या भागातल्या कोणत्याही पांढऱ्या शिवारात गेलात तर बांधावरच्या लिंबाला किंवा बाभळीला जुन्या लुगड्याची झोळी बांधलेली दिसते. झोळीत वर्षा-दीड वर्षाचे पोर असते. ते रडले की आई हातातली ओळ सोडून बांधावर येते, त्याला पाजते, दोन झोके देते आणि पुन्हा पराटीत शिरते. तोवर बरोबरीच्या बाया पुढे निघून गेलेल्या असतात.

समजा, मोकळी बाई दिवसाला ५० किलो कापूस वेचते आणि लेकुरवाळी ३५ किलो. किलोला १० रुपये धरले, तर एका दिवसात दीडशे रुपयांचा फरक पडला. हा फरक मूल सांभाळण्याचा खर्च आहे. तो कुठल्या पावतीवर किंवा योजनेच्या अर्जावर येत नाही, तरी आई रोज भरते.

कमी कमाईच्या आईबापांना हात द्यायचा तर सरकारला दोन वाटा असतात. एक, त्यांच्या मजुरीत भर घालायची. दोन, ते कामावर असताना मूल सांभाळण्याची सोय करायची. आपल्याकडे पहिल्या वाटेवर भरपूर बोलले जाते, निवडणुका लढवल्या जातात. दुसरी वाट कायद्यांच्या पुस्तकात आहे, पण शिवारापर्यंत पोहोचलेली नाही. आणि दुसरीवाचून पहिलीचा निम्मा फायदा वाया जातो.

मजुरीत भर: २०० वर्षांचा वाद

मजुरीला सरकारी भर घालण्याची कल्पना जुनी आहे. १७९५ साली इंग्लंडच्या बर्कशायर परगण्यातल्या स्पीनहॅमलँड या गावी न्यायाधीशांनी बसून ठरवले, की पावाची किंमत आणि घरातली तोंडे पाहून मजुराच्या रोजात तेवढी भर घालायची. दुष्काळी वर्षांत अनेक घरांना आधार झाला. पण लवकरच आक्षेप आला, की भर सरकार घालणारच म्हटल्यावर मालक रोज वाढवील कशाला? या आक्षेपाला किती अर्थ होता यावर इतिहासकारांचे अजून एकमत नाही. प्रश्न मात्र आजही तोच आहे. मजुरीला खालून टेकू नसेल, तर वरून ओतलेला पैसा मजुराकडे राहतो की मालकाकडे झिरपतो?

अमेरिकेने १९७५ साली याची आधुनिक आवृत्ती काढली. तिथल्या ‘अर्न्ड इन्कम टॅक्स क्रेडिट’मध्ये दोन मुले असलेल्या कुटुंबाला ठरावीक मर्यादेपर्यंतच्या कमाईवर दर १०० डॉलरमागे ४० डॉलरची भर मिळते. पुढे काही टप्प्यापर्यंत भर तेवढीच राहते. कमाई आणखी वाढली, की दर १०० डॉलरमागे साधारण २१ डॉलर या दराने ती उतरत जाते. म्हणजे कमावल्याशिवाय भर नाही आणि बरे कमावू लागल्यावर भरीची गरज नाही. पैसे मिळतात ते वर्षाअखेरीस कराचे विवरणपत्र भरल्यावर.

इथेच आपली अडचण सुरू होते. जालन्याच्या शेतमजुराला विवरणपत्र कुठले? मजुरी रोख, कधी रोजाने, कधी उक्ती, कधी किलोवर. आज एकाच्या शेतात, उद्या दुसऱ्याच्या. कमाईचा कागदच नाही, तर तिच्यावर टक्केवारीने भर घालायची कशी?

महाराष्ट्राने काढलेली वाट

या अडचणीवर महाराष्ट्राने निराळे उत्तर शोधले. मजुरीवर भर घालण्याऐवजी सरकारने स्वतःच काम द्यायचे आणि मजुरीची एक खालची पायरी बांधायची. वि. स. पागे यांच्या पुढाकाराने १९६५ साली सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात हा प्रयोग झाला. १९७२ च्या दुष्काळात त्याची खरी कसोटी लागली. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यभर दुष्काळी कामांवर ५० लाखांच्या आसपास माणसे होती आणि त्यांत बायकांची संख्या मोठी होती. मराठवाड्यातल्या जुन्या माणसांना खडी फोडण्याचे ते दिवस अजून आठवतात. पुढे १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला.

पैसा कुठून आणायचा, याचेही उत्तर शोधले गेले. १९७५ साली व्यवसाय कर बसवण्यात आला. पगारपत्रकावर दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापले जातात, तोच हा कर. मुंबई-पुण्यातल्या नोकरदाराच्या पगारातून निघालेला पैसा खेड्यातल्या मजुराच्या हजेरीपटापर्यंत नेण्याची ही सोय होती. २००५ साली केंद्राने देशासाठी असाच कायदा केला, तेव्हा महाराष्ट्राचा अनुभव समोर होता. त्या कायद्याखाली महाराष्ट्रात २०२५-२६ साठी दिवसाची मजुरी ३१२ रुपये ठरली, बाई असो की बाप्या. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने या कायद्याच्या जागी नवा कायदा मंजूर केला आणि हमीचे दिवस १०० वरून १२५ केले.

हमीचा खरा फायदा कामावर गेलेल्यांपुरता नसतो. रोजगार हमीवर ३१२ मिळणार असतील, तर खुरपणीला २०० रुपयांवर बोलावणाऱ्याला दोनदा विचार करावा लागतो. पण त्यासाठी काम मागितल्यावर ते वेळेत निघाले पाहिजे आणि मजुरी वेळेत खात्यात पडली पाहिजे. ही साखळी जिथे तुटते, तिथे टेकूही निखळतो.

खात्यात येणारा पैसा

गेल्या काही वर्षांत सरकारने पहिल्या वाटेवरच तिसरी तऱ्हा धरली आहे. कमाईशी जोडल्याशिवाय थेट बाईच्या खात्यात रक्कम टाकायची. जुलै २०२४ पासून सुरू झालेल्या मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेत २१ ते ६५ वर्षांच्या, अडीच लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या महिलांना दरमहा १,५०० रुपये मिळतात. महिन्याचे २६ कामाचे दिवस धरले, तर रोजाला ५८ रुपयांच्या आसपास. झोळीमुळे बुडालेल्या दीडशेशी ताडून पाहिले तर भर थोडी आहे. तरी ती थेट बाईच्या नावावर येते आणि दुकानदाराची उधारी तिच्या शब्दावर फिटते, याचे मोल नाकारता येत नाही.

बुडालेल्या मजुरीची भरपाई असे उघड म्हणून दिली जाणारी एक योजना आहे, ती प्रधानमंत्री मातृवंदना. पहिल्या बाळंतपणाला ५,००० रुपये, आणि दुसरी मुलगी झाली तर ६,००० रुपये. बाळंतिणीला विसावा मिळावा, घाईने कामावर जावे लागू नये, हा तिचा हेतू. पण ५,००० म्हणजे रोजगार हमीच्या दराने १६ दिवसांची मजुरी. २०१७ च्या दुरुस्तीनंतर कंपनीत नोकरी करणाऱ्या बाईला पहिल्या दोन बाळंतपणांसाठी २६ आठवड्यांची, म्हणजे १८२ दिवसांची पगारी रजा मिळते. एकीकडे १८२ दिवस, दुसरीकडे १६. बाळ दोघींचेही सारखेच रडते.

आणि खात्यात पैसा आला, तरी गावात पाळणाघरच नसेल तर आई त्यातून काय विकत घेणार? पैसा वाटता येतो, सोय उभी करावी लागते. शहरात १,५०० रुपयांत नाही तर ३,००० रुपयांत कुणीतरी मूल सांभाळायला मिळते. खेड्यात ते काम सासू करते, जाऊ करते, नाहीतर घरातली थोरली पोर.

पाच, तीस आणि पन्नास

कायद्याने पाळणाघराचा विचारच केला नाही, असे नाही. १९४८ च्या कारखाने कायद्यात ३० पेक्षा जास्त बाया कामाला असतील तिथे पाळणाघर सक्तीचे होते. १९९६ च्या बांधकाम मजुरांच्या कायद्यात हा आकडा ५० बायांचा होता. मातृत्व लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीने ५० कामगार असलेल्या प्रत्येक आस्थापनेवर ही जबाबदारी टाकली. दिवसातून चार वेळा मुलाकडे जाण्याची मुभाही दिली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ५० चा आकडा कायम आहे.

शेतमजूर बाई या कुठल्याच आकड्यात बसत नाही. तिचा मालक रोज बदलतो. एका शेतात आठ-दहा बाया असतात आणि तो शेतकरी स्वतः कर्जात असतो. त्याच्यावर पाळणाघराची सक्ती करणे व्यवहारात शक्य नाही. म्हणजे या बाईच्या बाबतीत जबाबदारी मालकाची ठेवून भागत नाही, ती गावाने आणि सरकारनेच घ्यावी लागते.

रोजगार हमीच्या २००५ च्या कायद्यात ती घेतलेली होती. सहा वर्षांखालची पाच किंवा अधिक मुले कामावर बायांबरोबर आली, तर त्यांच्यातल्याच एका बाईला मुले सांभाळायला नेमायचे आणि तिला इतरांइतकीच मजुरी द्यायची. मूल सांभाळणे हे माती खणण्याच्या तोडीचे काम आहे, असे कायद्याने लिहून ठेवलेले फार थोड्या ठिकाणी सापडेल. पण तरतुदीतच एक पेच होता. सोय नाही म्हणून आई मूल घरी ठेवून येते. मूल आले नाही म्हणून पाचाची संख्या भरत नाही. संख्या भरत नाही म्हणून बाई नेमली जात नाही आणि सोय होत नाही. नियम मोडला, असे कुणालाच म्हणता येत नाही आणि मूल घरीच राहते.

उसाच्या फडातला हिशेब

हा पेच सर्वांत कठोर होतो तो ऊसतोडीत. घनसावंगी तालुक्याची गंमत अशी, की जायकवाडीचा डावा कालवा आणि गोदावरी यांच्यामुळे दक्षिण भागात ऊस डोलतो, तीर्थपुरीला कारखाना आहे, आणि तरीही कोरडवाहू गावांतून कोयते बाहेरच्या जिल्ह्यांत जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. उचल त्या जोडीला मिळते, ती फेडायची जोडीनेच, टनावर. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली, ही मजुरांच्या संघटनांची मोठी कमाई. पण टनाच्या हिशेबात मुलाचा रकाना नाही. पहाटे कोपीतून निघालेल्या आईबापांबरोबर पोरही फडात येते. पाचटावर गोणपाट टाकून त्याला बसवतात आणि शेजारी पाच-सात वर्षांच्या बहिणीला राखणीला ठेवतात.

या मुलांसाठी दोन सोयी आहेत आणि दोन्ही कामाच्या आहेत. पहिली हंगामी वसतिगृहाची. आईबाप तोडीला गेले, तरी शाळेच्या वयाची मुले गावातच राहतात, आजीआजोबांकडे झोपतात, जेवणाची सोय शाळेच्या आधाराने होते आणि वर्ष वाया जात नाही. दुसरी संत भगवानबाबा वसतिगृह योजना. २०२१ साली ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहांना मंजुरी मिळाली, प्रत्येक तालुक्यात मुलांचे एक आणि मुलींचे एक. पहिल्या टप्प्यातल्या १० तालुक्यांत जालना जिल्ह्यातले अंबड आणि घनसावंगी होते. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी गाळलेल्या उसाच्या दर टनामागे कारखान्याने १० रुपये आणि तेवढेच राज्य सरकारने द्यायचे, अशी निधीची रचना आहे. उसाच्या टनातूनच मुलांसाठी पैसा काढायचा, ही योग्य दिशा आहे.

पण दोन्ही सोयी शाळेच्या वयापासून सुरू होतात. तीन वर्षांच्या आतले मूल वसतिगृहात राहू शकत नाही आणि आजीला दर वेळी झेपत नाही. फडात जाणारे तेच असते. त्याला सांभाळण्यासाठी जिला शाळेतून काढून नेले जाते, ती थोरली मुलगी वसतिगृहाची जागा मोकळी ठेवते.

कोसबाडचा धडा

थोरल्या बहिणीचा हा प्रश्न मराठी माणसाने फार पूर्वी ओळखला होता. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला ग्रामबालशिक्षणाचे काम सुरू केले. पुढे १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर गेले. तिथे त्यांना आणि अनुताई वाघ यांना दिसले, की आदिवासी मुली शाळेत येत नाहीत, कारण त्यांच्या कडेवर भावंड असते. त्यांनी भावंडालाही बोलावले. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच छपराखाली आणली आणि या प्रयोगाला विकासवाडी म्हटले. तान्हे पाळण्यात, मधले बालवाडीत, थोरली वर्गात आणि आई कामावर. एका सोयीने तीन माणसे मोकळी होतात, हे त्यांनी करून दाखवले.

२ ऑक्टोबर १९७५ पासून सुरू झालेल्या अंगणवाडीने यातला मधला भाग उचलला. सेविकाताई वजन घेते, आहार देते, तीन ते सहा वर्षांच्या मुलांना बडबडगीते शिकवते. हे काम मोठे आहे. पण अंगणवाडी दुपारी सुटते आणि वेचणी संध्याकाळी. तीन वर्षांच्या आतल्या मुलासाठी आहाराची पाकिटे घरी मिळतात, मूल मात्र तिथे ठेवता येत नाही. आईला नेमकी ज्या तासांची आणि ज्या वयाची गरज असते, तीच गाळलेली राहते.

ही फट बुजवण्यासाठी केंद्राने २०२२ साली ‘मिशन शक्ती’खाली ‘पाळणा’ योजना आणली. अंगणवाडीतच पाळणाघर, सहा महिने ते सहा वर्षांची मुले, दिवसाला साडेसात तास, महिन्याला २६ दिवस, एका केंद्रात २५ मुलांपर्यंत. देशात अशी १७,००० केंद्रे उभी करण्याचे लक्ष्य ठरले. महाराष्ट्रात खर्चाचा वाटा केंद्राचा ६० टक्के, राज्याचा ४०. कागदावर ही योजना जांब समर्थसारख्या गावाच्या मापाचीच आहे.

खर्चाचे गणित पाहा. पाळणा सेविकेला महिन्याला ५,५०० आणि मदतनिसाला ३,००० रुपये मानधन ठरले. दोघींचे मिळून ८,५००. पंचवीस मुलांवर विभागले, तर मुलामागे महिन्याला ३४० रुपये. आहार आणि इतर खर्च वेगळा धरला, तरी लाडकी बहीणच्या दीड हजारांशी ही रक्कम ताडून पाहावी. म्हणजे गावात २५ लेकुरवाळ्यांना सरकार महिन्याला जेवढे रोख देते, त्याच्या चौथ्या हिश्शापेक्षा कमीत पाळणाघर चालवणाऱ्या दोघींचे मानधन निघते.

याच गणिताला दुसरी बाजूही आहे. ५,५०० रुपयांना २६ दिवसांनी भागले, तर रोज २११ रुपये पडतात. रोजगार हमीवर मातीचे टोपले उचलणारीला ३१२ आणि २५ लेकरे सांभाळणारीला २११. या पैशात चांगली बाई टिकणार कशी? स्वस्तातले पाळणाघर लवकर बंद पडते, हा या क्षेत्रातला जुना अनुभव आहे. कॅनडातल्या क्यूबेक प्रांताने १९९७ साली पालकांकडून दिवसाला अवघे ५ डॉलर घेऊन बालसंगोपनाची सोय सुरू केली आणि बाकीचा खर्च स्वतः उचलला. काही वर्षांतच लहान मुलांच्या आया कामावर जाण्याचे प्रमाण ठळकपणे वाढले. ब्रिटनमध्ये कमी उत्पन्नाच्या नोकरदार पालकांना ‘युनिव्हर्सल क्रेडिट’मधून मूल सांभाळण्याच्या खर्चाच्या ८५ टक्क्यांपर्यंत रक्कम परत मिळते. दोन्हीकडे मजुरीची भर आणि संगोपनाची सोय यांचा विचार एकत्र होतो. आपल्याकडे एक खाते पैसे वाटते, दुसरे पाकिटे, तिसरे वसतिगृह बांधते. बांधावरच्या झोळीचा प्रश्न यांतल्या कुणाच्याच टेबलावर येत नाही.

गावाने करायचे ते

नवा कायदा होण्याची वाट पाहण्याची गरज नाही. महाराष्ट्रात ग्रामसभेआधी महिला सभा घ्यावी लागते. ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नातला १० टक्के पैसा महिला आणि बालकल्याणावर खर्च करायचा असतो. अनेक ठिकाणी तो किरकोळ खरेदीत संपतो. सप्टेंबरच्या खुरपणीपासून फेब्रुवारीच्या शेवटच्या वेचणीपर्यंत अंगणवाडी संध्याकाळी सहापर्यंत उघडी ठेवून एका बाईला रोजगार हमीच्या दराने नेमायचे, एवढ्यासाठी तो वापरला तरी सुरुवात होते. ‘पाळणा’चा प्रस्ताव बालविकास प्रकल्प अधिकाऱ्याकडे जायला हवा. त्यासाठी गावाकडे मुलांची यादी हवी.

म्हणून विनंती एवढीच. सरपंच असाल, सेविकाताई असाल, बचत गटात असाल, किंवा नुसते गावकरी असाल, तर पुढच्या महिला सभेच्या आधी एक कागद तयार करा. सहा वर्षांखालची किती मुले गावात आहेत, त्यांतल्या किती जणांच्या आया रोजावर जातात, कामाच्या वेळी मूल कुणाकडे असते आणि त्यापायी कुठली मुलगी शाळेत येत नाही. तो कागद सभेत वाचा आणि ठरावाला जोडा. मुलाचा रकाना सरकारच्या हिशेबात नसेल, तर तो गावानेच आखायला हवा.